हात वर करायला विसरलेला नट आणि श्चेप्किन

रशियातलं कुर्स्क शहर, एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. एक नट आपलं लांबलचक भाषण संपवून विंगेकडे निघाला. त्या काळी रंगमंचावरून जाताना उजवा हात वर उचलायचाच, असा दंडक होता. हा गडी नेमका विसरला. अर्ध्या वाटेत त्याला आठवलं, तसा त्याने मोठ्या गांभीर्याने हात वर केला आणि मग आत गेला. प्रेक्षकांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्यांना मजाच आली.

हा किस्सा मिखाईल सेम्योनोविच श्चेप्किन या नटाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलाय. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी एकटीच खो खो हसत बसले. मी आमच्या सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टर आहे. नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला जायचं, वही घेऊन कोपऱ्यात बसायचं, हा माझा जुना शिरस्ता. विंगेत उभं राहून मी टाळी न मिळाल्यामुळे पाऊल अडलेले नट पुष्कळ पाहिलेत. शेवटचं वाक्य टाकायचं, क्षणभर थबकायचं, टाळी आली की जायचं, नाही आली तर मान झटकून पुन्हा एकदा तोच शब्द. हात वर करणारा तो कुर्स्कचा नट मला अगदी ओळखीचा वाटला.

श्चेप्किन म्हणतो, तेव्हा स्वतःच्या आवाजात कुणी बोललं तर तो अभिनयच मानत नसत. प्रत्येक शब्द जमेल तितक्या मोठ्याने, जवळजवळ प्रत्येक शब्दाला एक हातवारा. 'प्रेम', 'वासना', 'विश्वासघात' असले शब्द आले की नट बेंबीच्या देठापासून ओरडायचे. आणि असल्याच नाटकांत हा माणूस लहानाचा मोठा झाला. पुढे रशियन रंगभूमीवर साधं बोलायला सुरुवात करणारा म्हणून ज्याचं नाव घेतात, तो हाच.

तो खरा माझ्या नजरेत आला तो बातम्यांमुळे. ऑगस्ट 2024 मध्ये युक्रेनचं सैन्य सीमा ओलांडून रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसलं आणि सुद्झा नावाचं छोटं गाव रोज टीव्हीवर यायला लागलं. मार्च 2025 मध्ये रशियाने ते परत घेतलं. सीमेच्या अलीकडे, युक्रेनच्या सुमी प्रांतात, त्याच रस्त्यावर युनाकिव्का नावाचं खेडं आहे, तेही लढाईत सापडलं. हे दोन्ही शब्द मी आधी कुठे वाचलेत, असं सारखं वाटत होतं. मग जुनी पुस्तकं काढली. सुद्झाच्या शाळेत श्चेप्किन पोरवयात पहिल्यांदा नाटकात उभा राहिला, आणि युनाकिव्कात 1810 साली त्याने तो प्रयोग पाहिला ज्याने त्याचा अभिनय बदलला. आज मधून सरहद्द गेलीय. तेव्हा ती एकाच साम्राज्यातली शेजारची गावं होती आणि नाटकवाले या गावाहून त्या गावाला घोडागाडीने जात.



श्चेप्किनचा जन्म 1788 चा, तेव्हाच्या कुर्स्क प्रांतातल्या क्रास्नोये खेड्यातला. वडील काउंट वोल्केन्श्टाइनच्या घरचे भूदास. भूदास म्हणजे जमिनीबरोबर मालकीचा माणूस: विकता येतो, गहाण टाकता येतो, लग्नाला मालकाची परवानगी लागते. वडील मालकाच्या मर्जीतले, कारभार बघणारे, म्हणून पोराच्या वाट्याला नांगराऐवजी शाळा आली. आधी सुद्झा, मग कुर्स्क. काउंटच्या घरी नाटकं होत, त्यात काम करायचं आणि पाहुण्यांच्या पंगतीला वाढायलाही उभं राहायचं. काल रात्री ज्याला टाळ्या दिल्या, तोच आज मागे ताट घेऊन उभा आहे, याचं पाहुण्यांना काही वाटत नसे.

कुर्स्कमध्ये बार्सोव्ह बंधूंची नाटक मंडळी होती. तिथे हा पोरगा आत-बाहेर करायचा, भूमिकांची वाक्यं कागदावर उतरवून द्यायचा, प्रॉम्प्टिंग करायचा. (हे वाचल्यावर माझी मान जरा ताठ झाली, लपवत नाही.) 1805 साली एका नटीच्या बेनिफिटचा खेळ लागला. बेनिफिट म्हणजे त्या रात्रीचं उत्पन्न त्या कलाकाराचं. आपल्याकडच्या संगीत नाटक कंपन्यांतही हा प्रकार होताच. खेळात टपालवाल्याचं काम करणारा नट पगार हातात पडताच गुत्त्यात गेला, जुगारात अंगावरच्या कपड्यांसकट सगळं हरला आणि तिथेच अडकून पडला. खेळ रद्द व्हायची वेळ आली. सतरा वर्षांचा श्चेप्किन म्हणाला, मी करतो. प्रॉम्प्टरला सगळ्यांची वाक्यं पाठ असतात, हे विंगेतलं उघड गुपित आहे. त्या रात्रीपासून तो नट झाला.



आता युनाकिव्का. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळा माणूस इथेच कळतो.

प्रिन्स गोलित्सिन यांच्या वाड्यात घरगुती रंगमंच होता. तिथे प्रिन्स मेश्चेर्स्की नावाचे एक वयस्क सरदार हौसेखातर काम करणार होते. नाटक सुमारोकोव्ह या रशियन नाटककाराचं, विनोदी, आणि मेश्चेर्स्कींची भूमिका एका कंजूष म्हाताऱ्याची. श्चेप्किन तेव्हा कुर्स्कचा नावाजलेला नट. बघायला गेला तो जरा नाक वर करूनच. पडदा उघडला. प्रिन्स बोलायला लागले आणि याला वाटलं, अरे, हा कसला अभिनय? या गृहस्थांना हात कुठे ठेवायचे तेही कळत नाही आणि बोलतायत तर... त्याचे शब्द असे आहेत की सांगताना हसू येतं, ते चक्क साधं बोलतायत, सगळे बोलतात तसं!

मग नाटक पुढे सरकलं. पैशाचा विषय निघाला की त्या म्हाताऱ्याच्या जिवाला कसं पिळवटून निघतंय ते दिसायला लागलं. हातवारा नाही, आरडाओरडा नाही. मरणाची भीती आणि पैसा जाईल ही भीती, दोन्ही एकाच साध्या आवाजात. श्चेप्किन म्हणतो, बाकीचे नट रंगमंचावर आहेत हेच आम्ही विसरलो. खेळ संपेपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि डोक्यात एकच भुंगा: हे साधं बोलणं इतकं का लागलं?

इथपर्यंतची गोष्ट रंगभूमीच्या इतिहासांत सापडते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. घरी येऊन त्याने ते नाटक मिळवलं, भूमिका उतरवून काढली, एका रात्रीत पाठ केली. मंडळींना गळ घालून तेच नाटक बसवायला घेतलं आणि तालमीत उभा राहिल्यावर त्याला कळलं की आपल्याला साधं बोलताच येत नाही. प्रिन्सची नक्कल करायला जावं तर प्रत्येक वाक्य खोटं वाटतंय. तो साधेपणा सोंगासारखा वर तरंगतोय. पुढे बराच काळ तो यात नुसता चाचपडत होता.

मग एका तालमीत फ्रेंच नाटककार मोलिएरचं 'नवऱ्यांची शाळा' चालू होतं. त्यात तो स्गानारेल. पुष्कळ तालमी झालेल्या, कंटाळा आलेला, सगळे नुसती वाक्यं पुटपुटत होते. तोही तसाच पुटपुटला. आणि एकदम त्याला जाणवलं की आत्ता जी चार वाक्यं आपण बोललो ती खऱ्या आयुष्यात बोललो असतो तशीच होती. पुढचं वाक्य तसंच बोलायला गेला तर पुन्हा जुना सूर लागला. पण कुठे शोधायचं ते आता कळलं होतं.

मी हे वाचलं आणि आमच्या तालमी आठवल्या. नेपथ्य नाही, कपडे नाहीत, अर्धे जण चहाच्या कपासकट, 'चला, नुसती वाक्यं म्हणून घेऊ' असं ठरतं, आणि त्या वेळी आमचा एखादा नट जे बोलतो ते प्रयोगात कधीच येत नाही. वहीतून मान वर करून बघावं लागतं, कोण बोललं म्हणून. प्रयोगाच्या दिवशी तोच नट पुन्हा छाती फुगवून उभा. श्चेप्किनने पकडलेली गोष्ट नेमकी ही आहे, आणि ती त्याने योगायोगावर सोडली नाही. पुढची सगळी वर्षं तो ते चार वाक्यांचं सापडणं पूर्ण भूमिकेपर्यंत ताणत राहिला. त्याच्यावर लिहिताना लोक 'नैसर्गिक नट' म्हणतात तेव्हा मला राग येतो. निसर्गाने त्याला काय दिलं होतं? बुटका, जाडजूड, आवाज बारीक. त्याचा मित्र लेखक सर्गेई अक्साकोव्हने या उणिवा स्पष्ट नोंदवल्यात आणि वर हेही सांगितलंय की उद्याच्या भूमिकेवरून पुन्हा नजर फिरवल्याशिवाय हा माणूस कधी झोपत नसे, मग ती भूमिका किती का वेळा केलेली असेना. प्रॉम्प्टर म्हणून सांगते, असा एखादा नट भेटला तर त्याची दृष्ट काढावी.



1816 च्या सुमारास तो कुर्स्क सोडून खार्किव्हच्या मंडळीत गेला, तिथून पोल्ताव्हाला. पोल्ताव्हात त्या वेळी नाट्यगृहाची सूत्रं इवान कोत्ल्यारेव्हस्कीच्या हातात होती. बोलीभाषेतल्या युक्रेनीला छापील साहित्यात आणलं ते याच कोत्ल्यारेव्हस्कीने, आपल्या 'एनेइदा' या काव्याने, 1798 साली. रंगभूमीला युक्रेनी नाटकं हवीत म्हणून त्याने 1819 साली दोन लिहिली, 'नताल्का पोल्ताव्का' आणि 'मोस्काल-चारिव्निक', आणि दोन्हींत श्चेप्किन होता.

'नताल्का'ची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला परकी वाटणार नाही. गरीब पोरगी, तिचं प्रेम परगावी कमवायला गेलेल्या पेत्रोवर, आणि तिला मागणी घालतोय कोर्टाचा एक पिकलेला अंमलदार. तो कचेरीच्या बोजड भाषेत प्रेम करतो. त्याच्यासाठी मध्यस्थी करणारा गावचा पुढारी म्हणजे माकोहोनेंको, ही श्चेप्किनची भूमिका. गोड बोलून आपलं काम करून घेणारा, गाणारा, कुणाच्या ताटाखालचं मांजर होतोय हे स्वतःलाही कळू न देणारा. असे पुढारी त्याने लहानपणापासून पाहिले होते.

दुसरं नाटक एकाच झोपडीत घडतं. घरधनी चुप्रुन गावोगाव फिरणारा गाडीवान. तो नसताना एक कारकून त्याच्या बायकोभोवती घोटाळतोय, ती त्याला खेळवतेय. मुक्कामाला आलेला एक रशियन शिपाई झोपेचं सोंग घेऊन सगळं बघतो. चुप्रुन अचानक घरी येतो, खाणंपिणं लपवलं जातं, कारकूनही लपतो. मग शिपाई 'जादू' करून लपवलेली दारू आणि भाजलेली कोंबडी काढून दाखवतो आणि शेवटी सैतान म्हणून कारकुनालाच बाहेर काढतो. चुप्रुन भाबडेपणाने डोळे विस्फारून बघतोय. श्चेप्किनची ही आयुष्यभराची लाडकी भूमिका.

माझा एक अंदाज आहे. नाटकाच्या अभ्यासकांना पटेल न पटेल. त्या काळची रशियन नाटकं बहुतेक फ्रेंचवरून आलेली, वाक्यं पल्लेदार, त्यांना ओरडायची सवय जडलेली. कोत्ल्यारेव्हस्कीच्या नाटकांतली भाषा अंगणातली होती. ती ओरडून बोलताच येत नाही. ओरडलं की खोटेपणा तिथल्या तिथे उघडा पडतो, कारण समोर बसलेला प्रेक्षक घरी तसंच बोलतो. युनाकिव्कात पाहिलेलं आणि मोलिएरच्या तालमीत सापडलेलं साधं बोलणं श्चेप्किनच्या अंगात मुरलं ते पोल्ताव्हाच्या या युक्रेनी भूमिकांत, असं मला वाटतं.

या सगळ्या काळात तो काउंटच्या घरच्यांच्या मालकीचाच होता, हे विसरायला होतं. प्रेक्षक विसरत असतील, तो कसा विसरेल? 1812 साली त्याने लग्न केलं ते येलेना द्मित्रियेव्हनाशी. 1791 साली रशियनांनी तुर्कांचा अनापा किल्ला घेतला तेव्हा तिथे सापडलेली ही अनाथ पोर, एका रशियन घरात वाढलेली, स्वतंत्र. भूदासाशी लग्न केलं तर पोटची मुलंही मालकाची होणार हे माहीत असताना तिने लग्न केलं. श्चेप्किनवरच्या लेखांत तिच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. मला त्या नेहमी अपुऱ्या वाटतात.

पोल्ताव्हात प्रिन्स निकोलाय रेपनिन गव्हर्नर जनरल होता. नाटकाचा शौकीन. त्याच्या पुढाकाराने 1818 साली श्चेप्किनला विकत घेऊन सोडवायचं ठरलं आणि त्यासाठी प्रयोग लावला, वर्गणी काढली. वर्गणीच्या कागदावर लिहिलं होतं की ही श्चेप्किनच्या कलेची कदर, त्याचं आयुष्य मार्गी लागावं म्हणून. सरदार, जमीनदार, अधिकारी यांनी नावापुढे आकडे घातले. गंमत बघा, यांतल्या बऱ्याच जणांच्या स्वतःच्या घरी शेकडो भूदास होते. पैसे पुरे पडेनात तेव्हा रेपनिनने भर घातली. तरीही कागदपत्रं पूर्ण होऊन खरी सुटका व्हायला 1821 उजाडलं. तेहतीस वर्षांचा, गावोगाव नाव झालेला नट तेव्हा कुठे स्वतःच्या मालकीचा झाला.



मॉस्कोबद्दल थोडक्यात, कारण ते सगळीकडे मिळतं. 1822 मध्ये चाचणीचा प्रयोग, 1823 पासून सरकारी मंडळीत कायम, 1824 मध्ये माली थिएटर उघडलं ते मरेपर्यंत त्याचं घर. लोक आजही त्या थिएटरला 'श्चेप्किनचं घर' म्हणतात आणि तिथली नाट्यशाळा त्याच्या नावाने आहे. ग्रिबोयेदोव्हच्या नाटकातला फामुसोव्ह हा मॉस्कोचा बडा सरदार त्याने 1831 पासून केला. भूदासाच्या पोराने सरदाराची नस पकडली, कारण त्याच्यामागे ताट घेऊन उभं राहून त्याने ती बघितली होती.

लेखक गोगोलचं प्रकरण मात्र घाईत उरकण्यासारखं नाही. गोगोल पोल्ताव्हाकडचाच, त्यामुळे दोघांची पहिल्या भेटीपासून गट्टी. त्याचं 'रेव्हिझोर' म्हणजे 'इन्स्पेक्टर जनरल', लाचखोर अधिकाऱ्यांच्या एका गावाचं नाटक, एप्रिल 1836 मध्ये पीटर्सबर्गला लागलं आणि प्रयोगावर गोगोल इतका वैतागला की मॉस्कोला येऊन नटांना नाटक वाचून दाखवायलाही तयार होईना. त्याने श्चेप्किनला पत्र लिहिलं: सगळं बसवायचं काम तुम्हीच अंगावर घ्या, आणि महापौराची भूमिका तुम्हीच करा, तुमच्याशिवाय ती बुडेल. 'दिग्दर्शक' हे पद तेव्हा आजच्या अर्थाने नव्हतंच. पण मॉस्कोतला 25 मे 1836 चा तो प्रयोग उभा केला श्चेप्किनने. (पुलंचं 'अंमलदार' याच नाटकावरून, हे बहुतेकांना माहीत असेलच.)

मॉस्कोचे प्रेक्षक जरा थंडच राहिले. श्चेप्किनने पीटर्सबर्गच्या सोस्नित्स्कीला, म्हणजे तिथे हीच भूमिका करणाऱ्या नटाला, लिहिलेल्या पत्रात याचं कारण दिलंय. एका ओळखीच्या माणसाने त्याला समजावलं, अहो, याहून चांगलं स्वागत होणार कसं? अर्धे प्रेक्षक घेणारे आणि अर्धे देणारे! लाचखोरीवरच्या नाटकावर याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

दहा वर्षांनी गोगोलचा कल अध्यात्माकडे झुकला. त्याने 'रेव्हिझोर'ला एक पुरवणी लिहिली: ते गाव म्हणजे आपलं मन, ते भ्रष्ट अधिकारी म्हणजे आपले विकार, आणि शेवटी येणारा खरा इन्स्पेक्टर म्हणजे सद्सद्विवेक. त्यात श्चेप्किनच्या तोंडी हे सगळं समजावून सांगायचं होतं. मे 1847 मध्ये श्चेप्किनने जे उत्तर पाठवलं ते प्रत्येक नटाने वाचावं. सारांश असा: मला कुठलाही इशारा नको की ही माणसं नसून आपले विकार आहेत. ही खरी, जिवंत माणसं आहेत, यांच्यात मी वाढलो आणि जवळजवळ म्हातारा झालो. दहा वर्षांत यांच्याशी माझी सोयरीक झालीय, आणि आता तुम्ही ही माणसं माझ्यापासून काढून घ्यायला निघालात? नाही देणार. मी आहे तोवर नाही देणार. माझ्या मागे त्यांची शेळ्या-मेंढरं करा हवं तर, पण तोवर तुम्हाला देर्झिमोर्दाही मिळणार नाही, कारण तोही मला प्रिय आहे.

देर्झिमोर्दा म्हणजे त्या नाटकातला सगळ्यात खालचा, हाणामारी करणारा पोलीस शिपाई. नाटककार जिवंत, दोघांची दोस्ती, आणि नट त्याला सांगतोय की हे पात्र आता तुझं एकट्याचं राहिलं नाही. गोगोल गेला 1852 मध्ये, श्चेप्किन त्यानंतर अकरा वर्षांनी. क्रिमियातल्या याल्टात अखेरच्या भ्रमात तो उठून कपडे मागत होता म्हणे, गोगोलकडे जायचंय, लवकर करा. सेवकाने सांगितलं की गोगोल केव्हाच वारले.

सहज एक तारीख. 1843 च्या 5 फेब्रुवारीला मॉस्कोत श्चेप्किनच्या बेनिफिटला गोगोलची 'विवाह' आणि 'जुगारी' लागली. त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला आमच्या सांगलीत विष्णुदास भावेंनी 'सीता स्वयंवर' केलं. यातून काही सिद्ध होत नाही, पण सांगलीकर म्हणून नोंदवल्याशिवाय राहवत नाही.



माणूस म्हणून तो सगळाच पटतो असं नाही. 1853 मध्ये तो लंडनला हर्झेनला भेटायला गेला. हर्झेन म्हणजे रशियन लेखक, त्याचा जुना मित्र. श्चेप्किनने सांगितलेली एका भूदास नटीची हकीकत त्याने 'चोर मैना' या कथेत लिहिली होती. ओर्योलच्या काउंट कामेन्स्कीच्या खासगी नाट्यगृहातली ती नटी, मालकाच्या छळात संपलेली. त्या कथेतला नट म्हणजे श्चेप्किनच. आता परदेशात राहून हर्झेनने झारविरोधी छापखाना काढला होता, आणि श्चेप्किन आला होता तो त्याला थांबवायला. अमेरिकेला जा, काही लिहू नकोस, लोकांना तुझा विसर पडू दे, दोन-तीन वर्षांनी आम्ही तुला परत येऊ द्यावं म्हणून खटपट करू. हर्झेनने नकार दिला. म्हातारा दुखावून परतला.

हर्झेनचं बरोबर होतं, असंच माझं मत. पण ज्याने आयुष्याची पहिली तेहतीस वर्षं दुसऱ्याच्या मालकीत काढली त्याला सत्तेची भीती किती आतून कळत असेल, हेही मनात येतं. त्याच्या मृत्यूनंतर हर्झेनने मनातली अढी ठेवली नाही. रशियन रंगमंचावर सत्य आणलं ते याने, रंगमंचावर नाटकी नसलेला हा पहिला माणूस, असं त्याने लिहिलं. नव्या नाटककारांत ओस्त्रोव्हस्की त्याला शेवटपर्यंत मानवला नाही. साधं बोलायला शिकवणाऱ्यालाही पुढच्या पिढीचं साधेपण जरा जास्तच उघडंवाघडं वाटलं असावं.

या भीतीच्या हिशेबासमोर मग 1857 चा डिसेंबर ठेवावा लागतो. तारास शेव्हचेंको, युक्रेनचा कवी, तोही जन्माने भूदास, तोही पैसे उभारून सोडवलेला: 1838 साली चित्रकार ब्र्युलोव्हने काढलेल्या कवी झुकोव्हस्कीच्या चित्राची सोडत काढून 2500 रूबलला. त्याला कवितांसाठी 1847 मध्ये पकडून शिपाई म्हणून ओरेनबुर्गकडच्या ओसाड मुलखात धाडलं होतं. दहा वर्षांनी सुटला, पण राजधानीत यायला बंदी, म्हणून वोल्गाकाठच्या निझनी नोव्हगोरोदमध्ये अडकला. हद्दपारीतून सुटलेल्या, पोलिसांची नजर असलेल्या माणसाला भेटायला 69 वर्षांचा श्चेप्किन मॉस्कोहून निघाला. अंतर सुमारे 400 किलोमीटर, ऐन हिवाळा. रेल्वे तिथे 1862 मध्ये झाली, म्हणजे हा प्रवास घोड्यांच्या गाडीने बर्फातून. नाताळच्या आदल्या रात्री, पहाटे तीनला तो पोचला.

आणि नुसती भेट घेऊन परतला नाही, तिथल्या थिएटरात त्याने कामंही केली. 'मोस्काल-चारिव्निक' लावलं, स्वतः चुप्रुन झाला. शेव्हचेंको प्रेक्षकांत. पोल्ताव्हानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तीच झोपडी, तीच कोंबडी, तेच विस्फारलेले डोळे, आणि दहा वर्षं आपल्या भाषेला पारखा झालेला कवी ती रंगमंचावरून ऐकतोय. तो मॉस्कोला परतल्यावर शेव्हचेंकोने डायरीत लिहिलं, सहा दिवस, आनंदाच्या भरगच्च आयुष्याचे सहा दिवस! 'नेओफिती' ही कविता त्याने श्चेप्किनला अर्पण केली आणि पुढच्या मार्चमध्ये मॉस्कोत त्याच्या घरी मुक्काम असताना त्याचं चित्रही काढलं.

आता लोक भांडतात, श्चेप्किन रशियन का युक्रेनी. विशेषतः या लढाईनंतर. माली थिएटर त्याच्या नावाशिवाय उभं राहत नाही, हे खरं. 'नताल्का पोल्ताव्का'चा पहिला माकोहोनेंको तो आहे, हेही खरं. जन्मगाव आज रशियाच्या बेल्गोरोद प्रांतात, युनाकिव्का युक्रेनमध्ये, मृत्यू याल्टाचा, म्हणजे क्रिमियातला, आणि त्याबद्दल तर बोलायलाच नको. मला या वाटणीत रस नाही. मात्र कुणी 'रशियन वास्तववादाचा जनक' एवढंच लिहून पोल्ताव्हा एका ओळीत उरकतं तेव्हा मी वही बंद करते. तिथली भाषा तोंडात बसली नसती तर मॉस्कोला गेलेला श्चेप्किन हात वर करूनच गेला असता.

शेवटी लेखक तुर्गेनेव्ह. त्याने 1848 मध्ये 'आश्रित' हे नाटक खास श्चेप्किनसाठी लिहिलं. श्रीमंताच्या घरी तुकडे मोडणारा एक म्हातारा, त्याला पाहुण्यांनी दारू पाजून सगळ्यांसमोर नाचवायचं, आणि मग तो एक सत्य बोलून जातो. सेन्सॉरने ते अडवलं. श्चेप्किनला ही भूमिका करायला मिळाली 1862 मध्ये, आपल्याच बेनिफिटला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. पुढच्या वर्षी ऑगस्टात तो गेला. अभिनयाची पद्धत घालून देणारा दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की, त्याचा जन्म त्याच 1863 च्या जानेवारीतला, आणि त्याने पुढे श्चेप्किनची पत्रं बारकाईने वाचली.

1848 च्या पत्रांत श्चेप्किन तरुण नटांना सांगतो की सतत निसर्ग डोळ्यांसमोर ठेवा, पात्राच्या कातडीत शिरा, त्याचं बालपण कसं गेलं असेल ते शोधा, आणि लोक टाळ्या देवोत न देवोत, अभ्यास सोडू नका. त्यांतल्या शुम्स्की या नटाला लिहिलेलं पत्र मी मराठीत करायला घेतलंय. आमच्या संस्थेत वाचून दाखवायचा विचार आहे, स्पर्धेच्या तालमी सुरू व्हायच्या आधी, कारण एकदा सुरू झाल्या की कुणी ऐकत नाही. पूर्ण झालं की इथेही टाकते.